घरातली वीज आणि उष्णता: रहिवासी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

घराचा ऊर्जावापर कमी करायला निघालेल्या रहिवाशांकडून जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर फक्त क्रमांक दिला आहे. पैशांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण दर जागोजागी वेगळे. युनिटचे आकडे घ्या आणि आपल्या बिलावरच्या दराने गुणा.

१. युनिट म्हणजे नक्की किती वीज?

१००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट पडतं. १०० वॉटचा दिवा १० तास काय, २००० वॉटचा गीझर अर्धा तास काय, हिशेब एकच. गाडीच्या भाषेत सांगायचं तर वॉट म्हणजे वेग आणि युनिट म्हणजे कापलेलं अंतर. बहुतेकांची गफलत इथेच होते: मोठा वॉटचा आकडा दिसला की धसका घेतात आणि लहान आकड्याकडे बघतही नाहीत. ५०० वॉटचा मिक्सर रोज पाच मिनिटं चालला तर महिन्याला सव्वा युनिट. दिवसरात्र चालू असलेलं ५० वॉटचं काहीतरी महिन्याला ३६ युनिट खातं, आणि त्याचा आवाजही येत नाही.

२. आमच्या घरात वीज नेमकी कुठे जाते, ते कसं कळणार?

मीटरलाच विचारा. आजकालच्या बहुतेक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. हा आकडा बऱ्याचदा ३२०० किंवा १६०० असतो. रात्री झोपण्याआधी घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचाही प्लग काढा, आणि मोबाइलवरच्या घड्याळात दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखाला (मीटरवरचा आकडा × सेकंद) याने भागलं की त्या क्षणी घर किती वॉट ओढतंय ते कळतं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ३२०० च्या मीटरवर दर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकत होता. म्हणजे ७५ वॉट, तेही 'सगळं बंद' असताना. दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. मग मुख्य बोर्डवरचा एकेक खटका (एमसीबी) पाडत गेलो. बॅटरीवरचा इन्व्हर्टर निघाला, सेट-टॉप बॉक्स निघाला, राउटर निघाला, आणि शेवटी एक जुनी म्युझिक सिस्टिम. तिचं बटण कित्येक महिने बंद होतं, पण मागे हात लावला तर कोमट. ट्रान्सफॉर्मर आपला जागाच होता. राउटर लागतोच, तो ठेवला. बाकीच्यांना वेगळा स्विच बसवला.

स्मार्ट मीटर असेल तर अ‍ॅपमध्ये तासातासाचा आलेख मिळतो. पहाटे तीनचा आकडा पाहा. घरात सगळे झोपलेले असताना फ्रिज सोडून जे काही चालू आहे ते तिथे उघडं पडतं.

३. एकच गोष्ट करायची असेल तर कुठून सुरुवात करू?

उष्णतेपासून. जे काही तापवतं किंवा थंड करतं, ते घरातलं सगळ्यात मोठं खाणारं तोंड असतं: थंड प्रदेशात खोली तापवणं, उष्ण प्रदेशात एसी, आणि जवळपास सगळीकडे गरम पाणी आणि फ्रिज. दिवे, चार्जर, टीव्ही यांचा नंबर बराच मागे लागतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फुकट जाणारं थांबवा (२, ५, १२), मग ऊन आणि फटी अडवा (६, ७, ८), मग यंत्रं बदला (१४), आणि सोलर शेवटी (१६). लोक नेमका उलटा क्रम धरतात, कारण गच्चीवरचं पॅनेल दिसतं आणि दाराखालची फट दिसत नाही. पण ऊन अडवल्यावर लागणारा एसी लहान असतो, आणि लहान एसीला लागणारं पॅनेल त्याहून लहान.

४. जुने बल्ब जळेपर्यंत थांबायचं की आत्ताच एलईडी लावायचे?

रोज तासन्‌तास जळणारे आत्ताच बदला. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड देतो. तेवढाच उजेड एलईडी ८ ते १० वॉटमध्ये देतो. तारेच्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता, म्हणजे तो खरं तर उजेड पाडणारा हीटरच. माळ्यावरचा बल्ब मात्र दिवसातून दोन मिनिटं लागतो, त्याला सुखाने म्हातारा होऊ द्या.

खरेदी करताना वॉट न बघता ल्युमेन बघा. रंगासाठी केल्विन: २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. हा पांढरा उजेड शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर प्रश्न २२ पाहा.

५. मोबाइलचा चार्जर प्लगला तसाच राहिला तर किती वीज जाते?

चांगला आधुनिक चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आसपास ओढतो. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिट होत नाही. यावरून घरात जेवढी भांडणं होतात तेवढी वीज त्यात नाही. त्याच कपाटातला सेट-टॉप बॉक्स १२ वॉट ओढत असेल तर वर्षाला १०५ युनिट होतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली 'स्टँडबायला एक वॉट पुरे' असा आग्रह धरला. त्यानंतर टीव्हीसारखी उपकरणं बरीच सुधारली, त्यामुळे आता शोध घ्यायचा तो जुन्या वस्तूंचा. ओळखायची साधी खूण: बंद असूनही हाताला कोमट लागतं, ते खातंय.

६. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. रात्री दहालाही छत तापलेलं असतं. काय करावं?

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते तुमच्यावर सोडतो. सिमेंट काँक्रीटमधून उष्णता पार व्हायला काही तास लागतात, म्हणून बाहेर गार वारा सुटलेला असताना तुमचं छत तापलेलं असतं. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी गडद रंगाची गच्ची ६५ अंशांपर्यंत सहज जाते. तीच गच्ची ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या लेपाने रंगवली तर पृष्ठभाग वीस-पंचवीस अंशांनीही थंड राहू शकतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर जाणवणारा उपाय हाच. अट एकच, गच्ची धूत राहायची. धूळ बसली की पांढरा करडा होतो आणि गुण निम्म्यावर येतो.

आता खिडक्या. समोरून पडणारं ऊन एका चौरस मीटरवर १००० वॉटपर्यंत उष्णता आणतं. पश्चिमेची दीड चौरस मीटरची उघडी काच म्हणजे संध्याकाळी चार वाजता खोलीत लावलेला हीटरच, आणि त्याच खोलीत आपण एसी लावतो. इथे बहुतेकांचं चुकतं ते पडद्याच्या बाबतीत. आतल्या बाजूचा जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण काचेच्या आत आल्यावर. तोवर उष्णता घरात आलेली असते. पडदा तापतो आणि खोली तापवतो. म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी: बांबूची चिक, झडप, जाळी, वेल, काहीही. छज्जा दुपारचं उभं ऊन अडवतो, पण सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. तिथे उभी आडोशाची वस्तूच लागते.

बाकी सवयीचा भाग: बाहेर आतल्यापेक्षा गरम असताना खिडक्या बंद, गार झालं की समोरासमोरच्या उघड्या. थंडीत याच्या बरोबर उलट, ऊन आत येऊ द्या. वर्षातला मोठा काळ घर तापवावं लागतं अशा प्रदेशात पांढऱ्या गच्चीपेक्षा इन्सुलेशनला आधी हात घाला (प्रश्न ८).

७. फटी बुजवल्याने खरंच फरक पडतो का?

एसी किंवा हीटर वापरत असाल तर बराच. दाराखालची एक सेंटिमीटरची फट ९० सेंटिमीटर रुंद दारात ९० चौरस सेंटिमीटरची होते, म्हणजे भिंतीला साधारण मुठीएवढं भोक. भिंतीत मुठीएवढं भोक असतं तर आपण पहिल्याच दिवशी बुजवलं असतं.

शोधायला उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या-दारं लावा, पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा, पडदे सांभाळून. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा ओढला गेला किंवा विस्कटला तर तिथे फट आहे. सरकत्या खिडक्यांचे रूळ, एसीची पाइप भिंतीतून जाते ती जागा आणि स्विचबोर्डच्या मागची पोकळी या तीन ठिकाणी धूर हमखास वळतो. रबराची चिकट पट्टी आणि सिलिकॉन सीलंट एवढ्यावर काम होतं. पण घरात गॅसचा गीझर किंवा कुठलंही पेटतं उपकरण असेल तर आधी प्रश्न २१ वाचा, मग पट्टी लावा.

८. आमच्या भिंती जाड आहेत. मग इन्सुलेशन कशाला?

कारण जाड असणं वेगळं आणि उष्णता अडवणं वेगळं. काँक्रीट उष्णता साठवतं आणि सावकाश पुढे देतं. अडवण्याचं काम करते ती बंदिस्त, स्थिर हवा. थर्मोकोल, रॉकवूल, काचेची लोकर यांचा सगळा गुण त्यांच्यात अडकलेल्या हवेचा आहे. ५ सेंटिमीटर थर्मोकोल उष्णतेला जेवढं अडवतो, तेवढं अडवायला साधारण २ मीटर जाड काँक्रीट लागेल. दुहेरी काचेच्या खिडकीतही काम करतो तो दोन काचांमधला हवेचा १२ ते १६ मिलिमीटरचा थर, काच नव्हे.

ही गोष्ट टोकाला नेली तर काय होतं ते जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात दिसलं. वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने बांधलेल्या तिथल्या पहिल्या 'पॅसिव्ह हाउस'मध्ये १९९१ पासून लोक राहू लागले. या मानकाप्रमाणे घर तापवायला वर्षाला दर चौरस मीटर १५ युनिटपेक्षा जास्त उष्णता लागता कामा नये. १०० चौरस मीटरच्या घराला सबंध हिवाळ्यात १५०० युनिट, तेही बर्फ पडणाऱ्या ठिकाणी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ओलं इन्सुलेशन कुचकामी, म्हणून गच्चीची गळती आधी काढा. आणि थर्मोकोल पेट घेतो. तो उघडा ठेवू नका, त्यावर प्लास्टर किंवा फरशीचं आवरण हवंच. आगीची काळजी असेल तिथे रॉकवूल घ्या.

९. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा घ्यावा का?

पंखा दिवसाचे बरेच तास चालत असेल तर जरूर. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळपास २०० युनिटचा फरक. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून उपयोग नाही. जुना डबीसारखा मोठा रेग्युलेटर असेल तर पंखा मंद केल्यावर वाचलेल्या विजेतला बराच भाग तो स्वतः तापून उडवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही.

आणि हो, पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मोटरच्या उष्णतेने खोली किंचित तापवतच असतो.

१०. एसी १८ वर लावला तर खोली लवकर थंड होते ना?

नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो किंवा बंद असतो. १८ सांगितलं म्हणून तो जास्त जोर लावत नाही, फक्त उशिरा थांबतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, फरक मोठा असताना जोरात चालतो हे खरं, पण तापलेल्या खोलीत २५ वर लावला तरी सुरुवातीला तो जोरातच चालणार असतो. १८ वर लावणाऱ्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: मध्यरात्री पांघरूण शोधतात, एसी तसाच.

बाहेर ३६ अंश आणि आत २४ असेल तर फरक १२ चा. आत २६ केलं तर १० चा. भिंतींमधून आत शिरणारी उष्णता तेवढ्यानेच सहाव्या हिश्शाने कमी झाली. ढोबळमानाने एक अंश वाढवला की एसीची पाच-सहा टक्के वीज वाचते असं धरतात. २६ वर एसी आणि जोडीला मंद पंखा हे २४ सारखंच वाटतं, कारण वाऱ्याने घाम उडतो. पंख्याचे ३० वॉट त्यापुढे काहीच नाहीत.

एसीतली हवेची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. बाहेरच्या युनिटला सावली चालते, पण त्याला कपाटात कोंडू नका. त्याने फेकलेली गरम हवा त्यानेच परत ओढली तर काय होणार?

११. खोलीच्या मानाने मोठा एसी घेतला तर बरा नाही का?

बरा नाही. एक टन म्हणजे एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता, सुमारे ३.५ किलोवॉट. मोठा एसी हवा चटकन थंड करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो, कारण दमटपणा काढायला एसी सलग चालावा लागतो. एक लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे जवळपास ०.७ युनिट उष्णता उपसावी लागते. खोली थंड पण चिकट राहते, मग आपण अजून दोन अंश उतरवतो. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून यातून काही प्रमाणात सुटतो, तरी त्याचीही खालची मर्यादा असतेच. टन ठरवण्याआधी प्रश्न ६ मधली सावली करून घ्या. कित्येकदा दीडचा एक होतो.

१२. गीझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते असं ऐकलंय. खरं आहे का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आणि सगळ्यात चिवट समज. युक्तिवाद असा असतो की थंड पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते. पण टाकीतून उष्णता बाहेर गळते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. टाकी गरम असेल तेवढा वेळ गळती मोठी. बंद करून निवू दिली की गळतीही कमी होत जाते. पुन्हा तापवताना तुम्ही फक्त गळालेली उष्णता भरून काढता, आणि ती चालू ठेवलेल्या टाकीपेक्षा कमीच असते. नुसतं गरम राहण्यासाठी घरगुती टाकी दिवसाला साधारण अर्धा ते एक युनिट घेते. वापराच्या अर्धा तास आधी लावा, वापर झाला की बंद.

अपवाद आहेत. रात्रीचा दर स्वस्त असेल तर रात्री तापवून ठेवणं परवडतं. वीज तीच किंवा थोडी जास्त जाते, बिल कमी येतं. हीट पंपाचा गीझर बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. तो सावकाश तापवतो, पण एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देऊ शकतो. त्याला वारंवार चालू-बंद करण्यात अर्थ नाही. तिसरा अपवाद आरोग्याचा: टाकीतलं पाणी दिवसेंदिवस कोमट ठेवू नका. लेजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, म्हणून साठवणुकीच्या टाकीत ६० अंश ठेवायला सांगतात. नळाशी गार पाणी मिसळा, आणि घरात लहान मुलं असतील तर मिसळलेलं पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा.

मुख्य खर्च मात्र गळतीचा नसून पाण्याचा असतो. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ०.३५ युनिट. मिनिटाला ९ लिटर सोडणारा शॉवर आठ मिनिटं घेतला तर ७२ लिटर, म्हणजे १.७ युनिटच्या आसपास. शॉवरचं तोंड बदलून ६ लिटरचं बसवलं तर यातला तिसरा हिस्सा तिथेच वाचतो.

१३. फ्रिज कितीवर ठेवावा?

फ्रिज ४ अंश, फ्रीझर उणे १८. त्याहून थंड ठेवून पदार्थ फार काही जास्त टिकत नाहीत. दाराचं रबर तपासायला अंधारात पेटता टॉर्च आत ठेवून दार लावा. कडेने उजेड दिसला तर रबर गेलं. मागे हवेला जागा सोडा. वाफाळतं भांडं निवल्यावर आत ठेवा, पण दोन तासांच्या आत, नाहीतर वीज वाचवताना अन्न खराब व्हायचं.

१४. जुनं पण चालू असलेलं यंत्र टाकून नवं घ्यावं का?

लेबलवर वर्षाचा युनिट वापर दिलेला असतो. जुन्या यंत्राचा वापर प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने आठवडाभर मोजा, ५२ ने गुणा आणि तुलना करा. दुरुस्तीला आलेला जुना फ्रिज किंवा दिवसभर चालणारा जुना एसी बदलण्यासारखा असतो. आठवड्यातून दोनदा लागणारं वॉशिंग मशीन नसतं. त्यात वीज मुख्यतः पाणी तापवायला जाते, थंड पाण्यावर धुतलंत की झालं. यंत्र बनवतानाही ऊर्जा गेलेली असते, उगाच भंगारात काढू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो. नवा फ्रिज आणून जुना 'असू दे, पाण्याच्या बाटल्यांना' म्हणून बाल्कनीत लावू नका. यात वापर वाढतोच, आणि उन्हातला फ्रिज तर दुप्पट राबतो.

१५. प्लगला लावायचा 'वीज वाचवणारा डबा' घेऊ का?

नका घेऊ. त्यात एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा हिस्सा) सुधारतो, पण घरगुती मीटर खरी वापरलेली वीज मोजतो, त्यामुळे युनिट तेवढेच पडतात. जाहिरातीत अँपिअर कमी झालेले दाखवतात. ते खरंच कमी होतात, युनिट मात्र होत नाहीत. अपवाद सामायिक जोडणीचा: मोठ्या मोटारी असलेल्या जोडणीचं बिल काही ठिकाणी पॉवर फॅक्टर धरून येतं. तिथे कपॅसिटर पॅनेलला अर्थ आहे, पण ते मोजमाप करून बसवतात, प्लगला खोचत नाहीत.

१६. सोलर बसवलं की बाकीचं करायची गरज नाही ना?

भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी एक किलोवॉटचं पॅनेल सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. ढगाळ, थंड प्रदेशात त्याच्या निम्मंही कधी कधी. दिवसाला १२ युनिट लागणाऱ्या घराला तीन किलोवॉट लागतील, तोच वापर ८ वर आणला तर दोन पुरतात. शिवाय पॅनेल दुपारी देतं आणि एसी रात्री लागतो. एका पॅनेलवर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर पूर्ण ओळीचं उत्पादन घटू शकतं, म्हणून जागा ठरवण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघा. फक्त पाणी तापवायचं असेल तर सौर बंब हा जास्त सरळ मार्ग आहे.

१७. मी भाड्याने राहतो. मी कशाला खर्च करू?

रास्त प्रश्न आहे. खर्च मालकाचा, बिल भाडेकरूचं, त्यामुळे दोघंही हात बांधून बसतात. म्हणून नेता येतील अशाच वस्तूंवर खर्च करा: एलईडी, पंखा, दाराखालची पट्टी, शॉवरचं तोंड, बाहेरची चिक. घर सोडताना जुना पंखा परत लावून आपला घेऊन जा. गच्चीचा लेप किंवा इन्सुलेशन मालकाकडे मागताना बिलापेक्षा स्लॅबच्या आयुष्याची गोष्ट काढा. तापणं-निवणं कमी झालं की स्लॅबच्या भेगाही कमी होतात, आणि मालकाला ते लवकर पटतं.

१८. जिना, लिफ्ट, पंप यांची वीज कोण वाचवणार?

ज्याला सामायिक बिल दिसतं तो, आणि ते बहुधा एकाच माणसाला दिसत असतं. पहिलं काम, ते बिल सूचनाफलकावर लावा. १००० लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला पंपात वाया जाणारी वीज धरून ०.२ युनिटच्या आसपास लागतं. वरची टाकी रोज अर्धा तास वाहत असेल तर पाण्याबरोबर तेही वाहतं. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावला की प्रश्न मिटतो. जिन्यात आणि पार्किंगमध्ये हालचाल टिपणारे सेन्सर लावा, लिफ्टचा पंखा-दिवा ती रिकामी असताना आपोआप बंद होईल असं करून घ्या.

१९. शेजाऱ्यांना सांगून थकलो, कोणी मनावर घेत नाही. काय करावं?

सांगणं कमी करा, दाखवणं वाढवा. हिमनग वितळतायत हे सांगून जिन्यातला दिवा कोणी बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेजारी काय करतात याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात झालेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. घरोघरी दारावर चिठ्ठी लावली: तुमचा वापर इतका, आसपासच्या घरांचा सरासरी इतका. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! 'आपण तर बरेच मागे आहोत' असं बहुधा त्यांना वाटलं असावं. मग काही चिठ्ठ्यांवर हाताने एक हसरा चेहरा काढला, आणि तेवढ्याने कमी वापरणारे जागच्या जागी राहिले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, तर 'शेजारी वाचवतात म्हणून आम्ही वाचवतो असं काही नाही' म्हणाले. प्रत्यक्षात त्याच कारणाचा जोर सगळ्यात जास्त निघाला.

म्हणून फलकावर आकडे लावा, नावं लावू नका, आणि कमी वापरणाऱ्यांची पाठ थोपटा. एक वॉटमीटर सामायिक खर्चातून घ्या आणि आठवड्याला एका घरी फिरवा. गच्चीचा अर्धा भाग आधी रंगवा आणि उन्हाळ्यातल्या दुपारी दोन वाजता दोन्ही अर्ध्या भागांवर हात टेकवायला लोकांना बोलवा. (अनवाणी येऊ नका म्हणावं.) त्यानंतर सभा घ्यावी लागत नाही.

२०. सगळं केलं, तरी युनिट वाढले. असं का?

दोन शक्यता. एक, हवामान: यंदाचा मे मागच्या मेहून गरम असेल तर तुलना चुकते. सारख्या हवामानाचे महिने घ्या. दुसरी शक्यता मनुष्यस्वभावाची. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवलं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळसा जास्त लागू लागला. घरात हेच होतं: 'पाच स्टारचा आहे ना' म्हणून एसी दोन तास जास्त चालतो, एकाच्या जागी सहा एलईडी लागतात. वाढलेल्या आरामात वाईट काही नाही, फक्त तो मोजून घ्या. प्रश्न २ मधली तपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करा.

२१. फटी बुजवल्यावर भिंतीला बुरशी आली. चुकलं का?

फटी बुजवणं बरोबर, हवा खेळती ठेवण्याची सोय राहून गेली. श्वास, स्वयंपाक, अंघोळ, आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ पूर्वी फटींतून जात होती. आता ती सगळ्यात थंड भिंतीवर जमते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, रोज थोडा वेळ खिडक्या उघडा.

बुरशीपेक्षा गंभीर गोष्ट गॅसच्या गीझरची. बंद न्हाणीघरात तो प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि उठत नाही. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गीझर न्हाणीघरात नकोच, आणि पेटत्या उपकरणाच्या खोलीतली झरोक्याची जाळी कधीही बुजवू नका, थंडी वाजली तरी.

२२. एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. वीज जाते का?

नगण्य. स्विचमधल्या छोट्या निऑन दिव्यातून किंवा शेजारून जाणाऱ्या तारांमुळे अगदी थोडा प्रवाह येतो. जुन्या बल्बला तो पुरत नसे, एलईडीला पुरतो. पण एक गोष्ट तपासायला लावा: स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर). न्यूट्रलवर असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. हे टेस्टर घेऊन स्वतः करू नका, वायरमनला बोलवा.